मधला समुद्र

जुनी मराठी प्रवासवर्णनं मी हावरटासारखी वाचते आणि त्यातही विलायतेपेक्षा मला बोटच जास्त आवडते. बॅलार्ड पिअरवर हार घालून होतात, हातात नारळ देऊन होतो, धक्क्यावरची माणसं दिसेनाशी होईपर्यंत रुमाल हलवून होतात आणि मग लेखक केबिनमध्ये येऊन बसतो. आता त्याला काही काम उरलेलं नसतं. तिथून पुढची पानं बहारीची. एडनला उतरून काय खरेदी केली, तांबड्या समुद्रात उकाड्याने जीव कसा नकोसा झाला, काट्याचमच्यांशी कशी झटापट झाली, जेवणाच्या टेबलावर शेजारच्या मडमेने काय विचारलं. सुएझच्या कालव्यातून बोट सरकत असते, दोन्ही अंगांना वाळू. पोर्ट सैदला जादूवाले बोटीवर चढून बाह्यांतून कोंबडीची पिल्लं काढून दाखवतात. घाईची माणसं मार्सेला उतरून आगगाडी धरतात. मग लंडन येतं आणि लेखक इतर कुठल्याही लेखकासारखा होतो. टॉवर, म्युझियम, धुकं.

विमान आलं आणि ही पानं गेली. पुढची पुस्तकं सांताक्रूझला सुरू होतात आणि दुसऱ्या परिच्छेदात हीथ्रोला उतरतात. मधल्या समुद्राचं काय झालं, हे कोणी सांगत नाही, कारण तो कोणी पाहिलेलाच नसतो. ज्या समुद्रापायी आपल्याकडे माणसं वाळीत पडली, प्रायश्चित्तं घेऊन पंचगव्य प्याली, तो आता खिडकीची झडप ओढून झोपेत ओलांडायचा.

मुंबईहून लंडनला जाणारी बोट आता मिळत नाही. एकोणीसशे साठच्या दशकात त्या फेऱ्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९६७ मध्ये सुएझचा कालवा युद्धात बंद झाला तो १९७५ पर्यंत उघडला नाही, पण तोवर त्या बोटींचे दिवस तसेही भरले होते. समुद्र ओलांडून पलीकडच्या खंडाला नियमाने नेणारं खरंखुरं प्रवासी जहाज जगात आता जवळजवळ एकच उरलंय. क्वीन मेरी २. इंग्लंडमधलं साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क, सात रात्री. भाचीकडे लंडनला राहून पुढे लेकीकडे न्यू जर्सीला जायचं होतं, तेव्हा मी हट्टच धरला. लेक फोनवर म्हणाली, “अगं आई, सात तासांत येतं विमान.” नवऱ्याने काही म्हटलं नाही. बॅगा किती नेता येतात ते त्याने तेवढं विचारलं आणि नगांना धरबंध नाही असं कळल्यावर तो माझ्या बाजूला आला. घरी हुकाच्या काट्यावर बॅग लटकवून एकेक किलो काढणाऱ्या माणसाला हे स्वर्गाचं दार होतं.

आम्ही घेतली ती आतली, बिनखिडकीची खोली, सर्वांत स्वस्त. समुद्र बघायला जायचं आणि खिडकी नसलेली खोली घ्यायची, यावर नातेवाइकांत बरीच करमणूक झाली.

हे जहाज ‘क्रूझ’ नव्हे, ‘लायनर’, हे बोटीवर पहिल्याच दिवशी दोघातिघांनी आम्हाला बजावलं. त्यात थोडी मिजास होती, पण तथ्यही होतं. क्रूझची जहाजं उन्हातल्या बेटांभोवती फिरायला बांधतात. वादळ दिसलं की ती वाट बदलतात. उत्तर अटलांटिकवर वेळापत्रकाने जायचं तर वादळातूनच जावं लागतं. म्हणून स्टीफन पेन या रचनाकाराने क्वीन मेरीचा नाळेकडचा भाग लांब आणि धारदार ठेवला, तळ खोल घेतला, तशाच आकाराच्या क्रूझ जहाजाला लागतं त्याहून सुमारे ४० टक्के जास्त पोलाद घातलं. जीवरक्षक होड्यासुद्धा लाटांच्या माऱ्यातून वाचाव्यात म्हणून नेहमीपेक्षा बऱ्याच वर टांगल्या आहेत. फ्रान्समध्ये सँ-नाझेरला ते बांधलं; जानेवारी २००४ मध्ये ते पहिल्या सफरीवर निघालं. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात, जहाज गोदीत असताना, पाहायला आलेल्या लोकांखालचा चढायचा तात्पुरता पूल कोसळला आणि १६ माणसं गेली. बरेचसे कामगारांच्या घरचे होते. जहाजातल्या भिंतींवर मालक कुनार्ड कंपनीचा सगळा इतिहास चित्रांसकट लावलेला आहे, १८४० च्या ब्रिटानिया बोटीपासून. त्या सोळा जणांबद्दलचं मला तिथे काही दिसलं नाही.

नवरा विद्युत मंडळातून निवृत्त झालेला. ३४५ मीटर लांबी, अडीच हजारांवर प्रवासी, बाराशेच्या आसपास कर्मचारी, हे आकडे त्याने ऐकून सोडून दिले. चार डिझेल इंजिनं आणि दोन गॅस टर्बाइन मिळून ११७ मेगावॉटच्या घरात वीज तयार होते, हे कळल्यावर मात्र तो सुखावला. या जहाजाचे पंखे इंजिनाला जोडलेले नाहीत, तळाशी टांगलेल्या चार पॉडमधल्या विजेच्या मोटारी ते फिरवतात, हेही त्याने कुठल्याशा व्याख्यानातून मिळवलं. “म्हणजे हे पॉवर हाउसच आहे,” तो म्हणाला, “वर हॉटेल बांधलंय एवढंच.” त्यानंतर प्रवासाच्या अखेरपर्यंत त्याला काही कमी वाटलं नाही.

मला वाटलं. सुरुवातीचे दोन दिवस मी समुद्र शोधत होते. जहाज समुद्राच्या नावावर तिकीट विकतं आणि चढलात की तुम्हाला समुद्र दिसू नये म्हणून जिवाचं रान करतं. रोज रात्री खोलीत दुसऱ्या दिवसाचा छापील कार्यक्रम येतो. सकाळी ब्रिज, मग वॉल्ट्झचा वर्ग, मग टायटॅनिकवर व्याख्यान (तेही बोटीवर!), मग सामान्यज्ञानाची स्पर्धा, दुपारी तारांगणातला खेळ, साडेतीनला पांढऱ्या हातमोज्यांतल्या वाढप्यांकडून चहा आणि सँडविचं, संध्याकाळी काळा सूट घालून जेवण, मग नाटक, मग नाच. समुद्रावरचं सर्वांत मोठं म्हणतात ते ग्रंथालय आहे. वरच्या डेकवर कुत्र्यांसाठी घरं आहेत आणि पाय वर करण्याची सोय म्हणून त्यांच्यासाठी एक विलायती दिव्याचा खांब आणि एक अमेरिकन अग्निशमनाचा नळ उभा केलाय. बरेच प्रवासी त्या कुत्र्यांपायीच बोटीने चालले होते. काही विमानाला घाबरणारे, काही इंग्लंडातलं बिऱ्हाड मोडून घरच हलवणारे, आणि बाकीचे दरवर्षी येणारे म्हातारे, जे वाढप्यांना नावाने हाक मारतात.

समुद्र सापडला तो सातव्या डेकवर. हा डेक जहाजाला सबंध वळसा घालतो. तीन फेऱ्या मारल्या की मैलभराहून थोडं जास्तच चालणं होतं. पहाटे तिथे खलाशी कठड्यांवरचं मीठ गोड्या पाण्याने धूत असतात. ते मीठ बोटाने खरवडून पाहिलं, तांदळाच्या कण्यांएवढे खडे होते. पायाखालच्या सागवानी फळ्या काळपट ओल्या, लाकडी आरामखुर्च्या दोरीने एकमेकींना बांधलेल्या. नाळेजवळच्या कोपऱ्यावर वळलं की वारा माणसाला धरतो. त्याच्याशी भांडून पुढे जावं लागतं, आणि पलीकडच्या अंगाला गेलं की तोच वारा पाठीवर हात ठेवून पळवतो. बाहेर काही नाही. बेट नाही, होडी नाही, आयर्लंड मागे पडल्यावर पक्षीही विरळ. नुसता पाण्याचा करडा चढउतार, क्षितिजापर्यंत गोल, आणि त्या गोलाच्या मधोमध आपण, काल होतो तिथेच. जहाज तासाला चाळीसेक किलोमीटर कापतंय यावर विश्वास ठेवायचा तर मागे जाऊन फेसाची वाट बघायची.

दुपारी बाराला ब्रिजवरून निवेदन होतं. अक्षांश, रेखांश, वाऱ्याचा जोर, किती मैल झाले, किती उरले, खाली पाणी किती खोल. खोली चार-चार किलोमीटर सांगतात. लोक सुरी-काटे खाली ठेवून ऐकतात आणि पुन्हा उचलतात. एका दुपारी, टायटॅनिक बुडाली त्या जागेच्या दक्षिणेने आम्ही चाललो आहोत असं सांगितलं गेलं, तेव्हा टेबलावरच्या एका आजीबाईंनी फक्त मीठ मागितलं.

आणि रात्री घड्याळ. पश्चिमेला जाताना सातांपैकी पाच रात्री काटे तासभर मागे घ्यायचे. विमानात हे पाच तास एकदम अंगावर येतात, मग आठवडाभर पहाटे तीनला भूक लागते. इथे रोज एक तास जास्तीचा मिळत जातो आणि माणूस कळत नकळत न्यूयॉर्कच्या वेळेला येऊन लागतो. पंचवीस तासांच्या दिवसाचं मी काय केलं? काही नाही. पण असं काही न करणं घरी जमत नाही. तिथे रिकामा तास दिसला की त्यात कपाट आवरलं जातं.

एकदा रात्री समुद्र उठला. आधी कपाटातले हँगर एकमेकांवर आपटायला लागले, टक, टक, मध्ये थोडं थांबून पुन्हा टक. उठून मी त्यांच्यामध्ये मोजे कोंबले. मग भिंती करकरायला लागल्या. सकाळी जिन्याच्या कठड्यांना जागोजाग कागदी पिशव्या खोचलेल्या होत्या, कशासाठी ते सांगायला नको. वाढपी हिरवी सफरचंदं आणि आल्याची बिस्किटं घेऊन फिरत होते. नवऱ्याला बोट लागली. मला नाही लागली आणि त्याचा मला जरा गर्वच झाला, कारण मी वेंगुर्ल्याची. लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोट धरायची, ट्रंका, आंब्यांच्या रिकाम्या करंड्या आणि अर्धी चाळ घेऊन. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण असं करत ती यायची. वेंगुर्ल्याला ती धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावात उतरायची. पडाव लाटेबरोबर वर आला की खलाशी ओरडायचा, “आता!” आणि आईने एका काखेत धाकट्याला घेऊन पाऊल टाकायचं. चुकलं तर पडाव खाली आणि पाऊल हवेत. साउथॅम्प्टनला आम्ही गालिच्यावरून चालत बोटीत शिरलो, कळलंही नाही कधी शिरलो ते. आवळासुपारीची डबी मात्र मी तेव्हाच्याच सवयीने पिशवीत ठेवली होती. नवऱ्याला सफरचंदाने काही झालं नाही, आवळ्याने झालं, असं माझं म्हणणं आहे. त्याचं म्हणणं, वारा पडला.

खोली आवरणारा मुलगा पहिल्या दिवशी इंग्रजीत बोलला. माझ्या कपाळाचं कुंकू आणि नवऱ्याचा स्वेटर बघून दुसऱ्या दिवशी म्हणाला, “आंटी, तुमी खंयचीं?” मी म्हटलं, “वेंगुर्ल्याची.” मग पुढे मी मालवणीत आणि तो कोंकणीत. गोव्याच्या सासष्टीतला होता, कुडतरीचा. बाप बोटीवर, आजा बोटीवर. आजा पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर पँट्रीत होता. मुंबईला बोटीची वाट बघत धोबीतलावच्या गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात राहायचा, ट्रंकेला ट्रंक लावून, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची आणि सकाळी जहाज कंपनीच्या दारात उभं राहायचं. हा मुलगा आठ-नऊ महिन्यांच्या कंत्राटावर होता.

मी वाचलेल्या त्या सगळ्या बोटीच्या पानांत ही माणसं कुठे होती, असा मग विचार आला. होती, पण नुसती ‘बोय’, ‘बटलर’, ‘खलाशी’ म्हणून. पी अँड ओच्या बोटींवर सलूनमध्ये वाढणारे बहुतेक गोव्याचे, डेकवर सारंग आणि टिंडेलाच्या हाताखाली राबणारे पुष्कळसे रत्नागिरीकडचे आणि गुजरातेतले, खाली भट्टीत कोळसा ओढणारे पंजाब-सरहद्दीचे. विलायतेला निघालेला बॅरिस्टर आयुष्यात एकदा समुद्र ओलांडायचा आणि त्यावर पुस्तक लिहायचा. रत्नागिरीचा खलाशी तो दर दोन महिन्यांनी ओलांडत असे, त्याच्या गावी त्याला कोणी प्रायश्चित्त विचारत नव्हतं आणि त्याने एक ओळ लिहिली नाही.

ज्यांनी लिहिलं त्यांच्या वाट्यालाही सगळाच चहा आणि वॉल्ट्झ नव्हता. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. वय अठरा, नवरा बरोबर नाही, सोबत मिशनरी बायका, आणि जेवणापासून सगळं परकं. आमचे सात दिवस त्यांच्या जवळजवळ दोन महिन्यांपुढे काय! त्याच वर्षी पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले, १९१६ मध्ये हाच अटलांटिक उलटा ओलांडून लंडनला आले, तेही महायुद्ध चालू असताना. दुसऱ्या वर्षी परत यायची वेळ आली तेव्हा त्यांची पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवलेली होती. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. न्यूयॉर्कात पोट मारून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जमवलेला ग्रंथसंग्रह समुद्राच्या तळाशी गेला. क्वीन मेरीच्या ग्रंथालयात, काचेच्या कपाटांसमोर, मऊ खुर्चीत बसून हे आठवलं की खुर्ची टोचते.

समुद्रमार्गाने जाणाऱ्यांच्या बोलण्यात अलीकडे एक पुण्याचा सूर असतो: आम्ही विमानाचा धूर टाळला. तो त्यांनी मनातून काढून टाकावा. ज्या जहाजात रंगमंदिर, पोहण्याचे तलाव आणि तारांगण समुद्रभर ओढून न्यायचं असतं, त्याला लागणारं इंधन माणशी वाटलं तर विमानापेक्षा जास्तच भरतं. तोही हिशेब नवऱ्यानेच कागदावर मांडून दाखवला, पुन्हा मेगावॉटपासून सुरू करून. आणि खर्चाचं म्हणाल तर एके काळी बोट ही गरिबाची वाट होती. तळमजल्याच्या तिसऱ्या वर्गात कोंबून युरोपातली माणसं न्यूयॉर्कला उतरायची. १८९२ ते १९५४ मध्ये एकट्या एलिस बेटावरून सव्वा कोटीच्या आसपास माणसं अमेरिकेत शिरली. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली आणि दहा वर्षं व्हायच्या आत जुनी क्वीन मेरी कॅलिफोर्नियात लाँग बीचला कायमची बांधली गेली, हॉटेल म्हणून. आता विमानाने गरीब जातो आणि बोटीने हौशी. मी हौशीच आहे, नाकारत नाही. मला त्या पुस्तकांतली गहाळ झालेली पानं हवी होती, आणि ती मिळाली: सगळी जवळजवळ कोरी, पण सलग. निघणं आणि पोचणं यांच्यामध्ये एवढी जागा असते हे डोळ्यांनी बघितलं. लेक न्यू जर्सीला गेली तेव्हा ती ‘पलीकडे’ गेली म्हणायचो. ते पलीकडे किती पलीकडे आहे, ते तिला विमानतळावर सोडून घरी येताना कळलं नव्हतं.

न्यूयॉर्क पहाटे येतं. साडेचारच्या सुमारास सगळं जहाज गाऊनवर कोट चढवून वरच्या डेकवर. व्हेराझानो पुलाखालून जायचं असतं; या पुलाखालून जाता यावं एवढ्याच बेताने जहाजाचं धुरांडं बुटकं केलंय. खालून बघताना धुरांडं पुलाला धडकणारच असं वाटतं, माणसं नकळत मान खाली घालतात, आणि मग पुलाचे दिवे डोक्यावरून मागे सरकतात. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. डावीकडे स्वातंत्र्यदेवता, अपेक्षेपेक्षा लहान. भोंगा झाला. त्यातला एक भोंगा १९३० च्या दशकातल्या मूळ क्वीन मेरीवरून काढून आणलेला आहे; त्याचा आवाज कानांआधी बरगड्यांना ऐकू येतो. उजवीकडे ब्रुकलिनमधल्या रेड हूकच्या गोदामांपाशी जहाज धक्क्याला लागलं.

खाली आलो तर आमच्या बोळात चादरींचे ढीग पडले होते. जहाज त्याच संध्याकाळी परत निघणार होतं, आणि तोवर प्रत्येक खोली नव्याने लावायची होती. कुडतरीचा मुलगा घामाघूम. मी विचारलं, “न्यूयॉर्क पळयलां काय रे?” तो म्हणाला, “पळयलां न्हय, हांगासून दिसता.” धक्क्याजवळ फोनला चांगली रेंज मिळते, तिथे अर्धा तास सुट्टी मिळाली तर घरी बोलायचं, मुलीचा वाढदिवस आहे, असं त्याने सांगितलं. मी पर्स उघडत होते, तेवढ्यात त्याने आमच्या पलंगावरची उशी ओढून अभ्रा काढायलाही सुरुवात केली.

“आंटी, साडेआठांक रूम खाली करूंक जाय. नवीं मनशां बारांक येतलीं.”